मानेमागची लेबलं

मुलीच्या नव्या शर्टाच्या मानेमागचं लेबल तिने ब्लेडच्या टोकाने उसवायला घेतलं, तेवढ्यात नवऱ्याने सरकारी रुग्णालयाचं पत्र तिच्या पुढ्यात सरकवलं.

"वाच. आणि मग सांग, मी उगाच घाई करतोय का."

पत्र चार ओळींचं होतं. ऑटिझमच्या तपासणीसाठीचा अर्ज पाहिला, प्राधान्य तिसरं, अंदाजे प्रतीक्षा एकोणीस महिने. खाली सही नव्हती. शिक्का होता, तोही अर्धाच उमटलेला.

मुलगी सात वर्षांची होती. चमच्यांपासून चपलांपर्यंत सगळं एका रांगेत लावायची, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. शाळेने स्पष्ट सांगितलं होतं, पुढच्या सत्राआधी तपासणीचा अहवाल आणा, मग वर्गात मदतनीस बाई देऊ; नाहीतर मुलीची दुसरीकडे सोय बघा. सत्राला दहा आठवडे उरले होते.

"खासगी दवाखानेवाले परवाची वेळ देताहेत," नवरा म्हणाला. "आज पाचपर्यंत थांबतील. हो म्हणून मोकळी हो."

"मघाशीच फोनवर बोलले मी त्यांच्याशी."

"मग?"

"अहवाल कशासाठी हवाय, विचारलं. शाळेसाठी म्हटलं, तर ती बाई म्हणते, काळजी नको, शाळेला चालेल असाच देतो. मुलीला अजून डोळ्यांनी पाहिलं नाही, आणि निकाल तयार!"

"निकाल आपल्याला हवा तोच आहे ना? मग कशाला खुसपट काढतेस?"

तिने ब्लेड खाली ठेवलं. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिला बारा वर्षं झाली होती. बाटली उघडण्याआधीच आकडा लिहून टाकणाऱ्या एका सहकाऱ्याची तक्रार तिने केली होती. तो अजून तिच्याशी बोलत नव्हता.

"त्या कागदावरून तिला शिकवणार आहेत," ती म्हणाली. "तिला काय होतं ते त्यात नको का?"

"बस शोधत एकोणीस महिने. तत्त्वं तुझी, आणि वर्गाबाहेर बसणार ती."

हे खरं होतं. म्हणूनच तिला जास्त राग आला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती रुग्णालयात गेली. दीड तास रांगेत उभी राहिल्यावर खिडकीशी पोचली. आतल्या परिचारिकेने गठ्ठ्यातून तिचा अर्ज ओढला आणि चष्मा वर सरकवला.

"अक्षर तुमचंच ना? आवाजाचा त्रास, नाही. खाण्याची अडचण, नाही. कपड्यांचा त्रास, नाही. ताई, यावरून तर तुमची मुलगी माझ्यापेक्षा सुखात दिसतेय."

"कारण मिक्सर मी ती शाळेत गेल्यावर लावते. तिच्यासाठी तीनच पदार्थ करते, एकमेकांना न लागता वाढते. कपड्यांची लेबलं काढते. त्रास होऊच देत नाही मी!"

"हे कुठे लिहिलंय?"

"त्याला रकानाच नाहीये!"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"माझ्यावर ओरडून काय होणार? रकाने मी नाही पाडले." परिचारिकेने एक कोरा अर्ज खिडकीतून बाहेर ढकलला. "शुक्रवारी समिती बसते. त्याआधी आणून द्या. पहिलं प्राधान्य मिळालं तर सहा आठवड्यांत नंबर लागतो. सगळीकडे 'हो' लिहा आणि सुटा."

"म्हणजे खोटं लिहू?"

"मी असं म्हटलं का? चला, पुढचे!"

घरी येईपर्यंत तिचं डोकं ठणकत होतं. एकीकडे खासगी दवाखान्यातून फोनवर, मऊ आवाजात सांगितलेलं, दुसरीकडे रांगेत खेकसून. सांगणं मात्र तेच, की मोजण्याआधी उत्तर लिहा. साडेचार वाजले होते. दार आपटावं असं तिला मनापासून वाटलं. पण मुंगी घरात होती, आणि राग आला तरी दार आपटायची या घरात सोय नव्हती. तिने कडी हाताने धरून दार हळू लावलं.

कोरा अर्ज टेबलावर पसरला. प्रश्न नववा, कपड्यांचा त्रास. पेन तिथेच अडलं.

फडताळात नमुन्याची एक रिकामी बाटली होती. काढलेलं प्रत्येक लेबल ती मागे तारीख लिहून त्यात टाकायची. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. तारीख लिहायची हाताला सवय होती, एवढंच. समितीपुढे निदान हे तरी ठेवू, म्हणून तिने बाटली टेबलावर उपडी केली.

मुंगी आली. न विचारता तिने लेबलं एकेक करून रांगेत लावायला घेतली. तारखेप्रमाणे नव्हे. रंगाप्रमाणेही नव्हे. एकेचाळीस लेबलांच्या रांगा दोन झाल्या.

"ही कसली गं रांग?"

"ही बोचलेली."

"आणि ही?"

"ही जास्त बोचलेली."

"अगं, पण ती तर तू घालायच्या आधीच मी काढली होती. सगळी."

"दोरा राहतो," मुंगी मान वर न करता म्हणाली. "उसवलेल्या जागी. तो टोचतो."

"मग सांगितलं नाहीस कधी?"

मुंगीने एका लेबलाचा कोपरा टेबलाच्या कडेशी समांतर केला.

"तू काढत होतीस ना."

सकाळचा शर्ट खुर्चीवर तसाच पडला होता. तिने मानेच्या आत, उसवलेल्या टाक्यांवरून बोट फिरवलं. रसायनांनी राठ झालेल्या बोटाला काही लागलं नाही. मग तिने तो शर्ट गालाला लावला. दोरा टोचला.

नवव्या प्रश्नापुढे तिने 'हो' लिहिलं. पेन इतकं दाबलं की कागद फाटतो की काय असं वाटलं. त्याखाली, जिथे रकाना नव्हता तिथे, लिहिलं: एकेचाळीसपैकी एकेचाळीस.

टेबलावरचा फोन आवाज न करता उजळला. खासगी दवाखान्याचा नंबर होता. तिने फोन पालथा घातला.

"इथे आवाजाचं विचारलंय," ती म्हणाली. "मिक्सर तर तू नसताना लावते मी. आणखी कशाचा त्रास होतो?"

मुंगीने वळून न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

तिने खुर्ची ओढली नाही. उचलून भिंतीशी नेली. वर चढून घड्याळ काढलं आणि त्यातला सेल बाहेर काढला. पाचला चार मिनिटं कमी होती.