वर्लिनचं आजारपण

"कुणाकडे नेतेस गं?"

चर्चच्या तळघरातल्या मोठ्या फ्रीझरमध्ये वाकलेली आर्लिस दचकली. मागे डेलोरिस उभी होती. डेलोरिसला कळलं म्हणजे गावाला कळलं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आर्लिसच्या हातात तिनेच उन्हाळ्यात करून ठेवलेला ट्रे होता. खाली खिमा, फरसबी आणि मश्रूमचं सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर. आम्ही याला हॉटडिश म्हणतो. कुणाचं माणूस गेलं, कुणी दवाखान्यातून घरी आलं, की फ्रीझरमधून एक ट्रे निघतो आणि त्या घरी जातो. ट्रेच्या बुडाला चिकटपट्टीवर करणारणीचं नाव असतं. खाऊन झालं की ट्रे घासूनपुसून तिच्या दारी परत. निम्मं गाव आर्लिसच्या हातचं खाऊन दुःखातून उठलं आहे. पण स्वतःसाठी फ्रीझर उघडायचा नाही, असं कुणी सांगितलेलं नसलं तरी कुणी उघडत नाही.

"बोल की. कोण आजारी आहे?"

घरी आर्लिसने नवऱ्याला, ऑरिनला, कोंडून ठेवलं होतं. तो जागा झाला असेल का, या धास्तीने तिचा जीव अर्धा झाला होता.

"वर्लिन," तोंडाला आलं ते शेजाऱ्याचं नाव तिने सांगून टाकलं. "बरं नाही त्याला."

"अगं बाई! आणि मला पत्ताच नाही!" डेलोरिसला नेमकं कशाचं वाईट वाटलं, देव जाणे.

ऑरिनने जन्मभर शाळेची बस चालवली. आता त्याला स्वतःच्या घरात न्हाणीघर सापडत नव्हतं. मागच्या महिन्यात आर्लिस कांदा चिरत होती, तेवढ्यात तो अनवाणी तळ्याच्या बर्फावर जाऊन उभा राहिला. तेव्हापासून तिने चुलीकडे पाठच फिरवली. शहरातल्या मुलीने बजावलं होतं, "आई, पुन्हा असं झालं तर बाबा थेट वृद्धाश्रमात." आणि भानावर असताना ऑरिनने आर्लिसकडे एकच गोष्ट मागितली होती, मला तिथे टाकू नकोस. गावाला कळलं असतं तर मुलीला त्याच संध्याकाळी कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. वर्लिन तीन ट्रे एकावर एक घेऊन उभा होता.

"आर्लिस, मी मरतोय का गं?"

ती दार अडवून उभी राहिली.

"सकाळपासून तिघी फ्रीझरमधले ट्रे देऊन गेल्या. ट्रॅक्टरखाली दुरुस्तीला आडवा झालो होतो, डेलोरिसने तसाच ओढून बाहेर काढलं मला. कपाळाला हात लावून म्हणते, ताप आहेच! तू सांगितलंस म्हणे."

तेवढ्यात तिच्या मागे ऑरिन आला. एक बूट पायात, दुसरा हातात.

"बसची किल्ली कुठाय? पोरं गारठतील तिथे थांब्यावर!"

वर्लिन बघतच राहिला. आर्लिसने दाराची चौकट धरली.

"कुणाला सांगू नकोस. हात जोडते तुला. नेतील रे त्याला. रात्री मी दाराला टेकून झोपते. स्वयंपाक होत नाही, त्याला अंघोळ घालवत नाही. मला होत नाही, वर्लिन. होत नाही आणि सोडवतही नाही."

आर्लिसला रडताना गावात कुणी पाहिलं नव्हतं. वर्लिन बराच वेळ बुटांवरचा बर्फ झटकत राहिला. मग खोकला.

"दुखणं जरा लांबणार असं दिसतंय," तो म्हणाला. "हा हिवाळा तरी जाईल. आणि या बायका आणत राहणार, मला एकट्याला काय संपतंय?" तो ट्रे घेऊन आत आला. "ऑरिन, आज शाळेला सुट्टी आहे. बर्फ पडलाय ना."

"मग सांगायचं नाही का आधी!" म्हणत ऑरिनने बूट काढला.

सगळ्यात वरचा ट्रे गरम करून तिघं जेवली. ऑरिनने दोनदा वाढून घेतलं. मग सवयीने उठून त्याने ट्रे स्वतः घासला, पुसला, पालथा केला आणि चिकटपट्टीवर बोट ठेवून वाचलं.

"आर्लिस." त्याने मान वर केली. "हा परत द्यायला हवा. वाट बघत असेल ती. तुमच्या ओळखीची आहे का?"

आर्लिसने त्याच्या हातातून ट्रे घेतला. "हो. मी देते नेऊन."

"आत्ताच जा. अंधार पडेल."

तिने कोट चढवला. ट्रे छातीशी धरून ती बाहेर गेली आणि थंडीत पायरीवर उभी राहिली. थोड्या वेळाने तशीच आत आली.

"भेटली?" ऑरिनने विचारलं. "कशी आहे?"

"दमलीय," आर्लिस म्हणाली.

ऑरिनला मनापासून वाईट वाटलं. "मग तिच्याकडे कुणी जेवण पोचवतं की नाही?"

खिडकीकडे तोंड करून वर्लिन खोकत राहिला.