लाल फुल्या

काल्हेरच्या गोदामात वीज कंपनीची जुनी सोलर पॅनलं उतरत होती आणि सुपरवायझर प्रितेश एकेकाला मीटर लावून निकाल देत होता. आकडा कमी आला की लाल फुली, आणि फुली पडली की पॅनल थेट भंगाराच्या ढिगात. दुपारपर्यंत एकही पास झालं नव्हतं. झाडू मारणाऱ्या ठमाबाईला राहवेना.

"सायेब, ही उन्हात न्हाय न्यायची?"

"बाहेर ऊन केवढं आहे, मावशी! इथं पत्र्याखाली बरं."

"मंग त्यांनी वीज काय तुमच्या तोंडाकडं बघून करायची?"

हमाल खो खो हसले. चिडलेल्या प्रितेशने एक पॅनल बाहेर न्यायला लावलं. ठमाबाईने त्याच्यावरची धूळ पदराने पुसली आणि ते उन्हाकडे कलतं केलं. मीटरवरचा आकडा झरझर चढला.

प्रितेशने बाकीची पॅनलंही उन्हात काढून पुन्हा मोजायला घेतली. थिनरचा बोळा घेऊन तो स्वतःच पास झालेल्यांवरच्या फुल्या पुसायला बसला. संध्याकाळपर्यंत निम्म्याहून जास्त पॅनलं भंगारातून परत आली.

"मावशी, उद्यापासून मीटर तुम्ही धरा."

"धरते की. पन झाडू कोन मारनार?"

प्रितेशने तिच्या हातातला झाडू घेतला.