चुलीवाचून

“हात लावू नकोस त्याला. पूजेला बसलाय मिक्सर.”

अंगणवाडीतून भर दुपारी घरी आलेली रेणुका ओटीवरच थबकली. पाटावर गंगाराम भावोजींचा कोयता, कुदळ, पहार मांडली होती. ते दरवर्षीचंच. पण शेजारी तिची विळी होती, किसणी होती, आणि मिक्सरच्या भांड्याला झेंडूची माळ घातली होती. गोदावयनींनी, म्हणजे तिच्या थोरल्या जावेनं, तिच्या खोलीत शिरून सगळं उचलून आणलं होतं.

“माज्या वस्तूंची पूजा मी सकाळीच केलीय, वयनी.”

“खोलीत कोंडून केलेली कसली गो पूजा? घराची खंडेनवमी एकच. आता उद्या सोनं लुटेपर्यंत यातलं कायपण उचलायचं नाय. तुजे भावोजी उचलतात काय कोयता?”

कावा न कळण्याइतकी रेणुका खुळी नव्हती. या तीन वस्तूंशिवाय तिला खाता येत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. उपाशी ठेवून आपल्या ताटावर बसवायचं, आणि तेही देवाच्या नावाखाली!

तेरा वर्षांपूर्वी तिचा नवरा महेंद्र मुंबईत वारला आणि रेणुका संगमेश्वरच्या आतल्या या गावी, दिराच्या घरी आली. दोन महिने झाले असतील. एका दुपारी तिनं दुसऱ्यांदा भात मागितला. गोदावयनी जागच्या न हलता म्हणाल्या, “बसून खाणाऱ्यांना भूक लय.” त्या चुलीवरचं शीतही पुन्हा तोंडात घालायचं नाही, असं रेणुकानं त्याच ताटावर ठरवलं. ती वेगळी चूल मांडायला निघाली, तर भावोजींनी हात जोडले. “माज्या डोळ्यांदेखत घरात दुसरी चूल पेटवू नकोस. लोक म्हणतील, मेलेल्या भावाची बायको वेगळी काढली.” थोरला दीर धाकट्या भावजयीपुढं हात जोडतो म्हटल्यावर तिनं शब्द दिला.

मग खायचं काय? चिपळूणच्या एका निसर्गोपचार शिबिरात तिला उत्तर मिळालं. भिजवलेले मूग, खवलेलं खोबरं, किसलेलं बीट, पाल्याचा रस. चुलीचं नाव नको. वाडीला वाटे, बाई तब्येतीला जपते. तिनं वाटू दिलं. अंगणवाडीत ती तीस पोरांची खिचडी रांधायची, पण पोरांच्या वाटणीतला घास घेणं तिला चोरी वाटे.

विळी आईनं दिलेली, किसणी संगमेश्वरच्या बाजारातली, मिक्सर पहिल्या मानधनातला. रोज धुऊन पुसताना ती त्यांच्याशी बोलायची. “तुमी होतात, म्हणून मला कुणापुढं ताट धरावं लागलं नाय.” माणसांपैकी कुणाचे एवढे उपकार तिनं मानले नव्हते, आणि मानावेत असं तिच्यासाठी कुणी काही केलंही नव्हतं.

गोदावयनी ताट घेऊन आल्या. मागोमाग भावोजी येऊन कोपऱ्यात बसले. वाफाळता भात, काळ्या वाटाण्याचं सांबार, पापड.

“बस. आज कशी जेवत नायस ते बघते.”

“नको.”

“तेरा वर्सं!” बाईंचा आवाज चिरकला. “वाडीतल्या बाया विचारतात, जावेला काय इख घालतेस काय गो? काय सांगू मी त्यांना? काय केलंय मी तुजं?”

या प्रश्नाची रेणुका तेरा वर्षं वाट बघत होती. “दुसऱ्यांदा भात मागितला, तेव्हा म्हणालात, बसून खाणाऱ्यांना भूक लय.”

“मी? कधी?”

रेणुकानं त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणा शोधला. तो नव्हता. बाई खरोखरच आठवून बघत होत्या. कोपऱ्यात बसलेल्या भावोजींनी मात्र मान खाली घातली. त्यांना आठवत होतं.

“म्हटलं पण असंन,” गोदावयनी म्हणाल्या. “माणूस तोंडाला येतं ते बोलतो. तेवढ्यासाठी?”

रेणुकाच्या अंगाचा तिळपापड झाला. शिव्या घातल्या असत्या तर तिनं सोसल्या असत्या. ज्या एका वाक्यावर तिनं आयुष्य काढलं, ते बोलणारीच्या लक्षातही नव्हतं! भाताचा वास नाकात शिरत होता, पोटात आग पडली होती, आणि खाली बसणं किती सोपं होतं.

तिनं दुसरं ताट आणून अन्नावर झाकण घातलं.

“उद्या सोनं लुटल्यावर माज्या वस्तू खोलीत आणून ठेवा, वयनी. तुमी नेल्यात, तुमीच आणायच्या.”

मग ती परसात गेली. मांडवावर शेवटचं तवसं लोंबत होतं, जून झालेली जाडजूड काकडी. ते तिनं पिळून तोडलं, पायरीवर आपटून त्याचे दोन तुकडे केले, आणि तिथंच बसून सालीसकट चावायला लागली. मागं दारात गोदावयनी येऊन उभ्या राहिल्याचं तिला कळलं. तवसं कडूजहर निघालं होतं. तोंड वाकडं न करता तिनं दुसरा घास घेतला.