पुण्याचं पोतं

सोमवारी कळंबच्या मोंढ्यात धान्य बाजूला राहायचं आणि माणसं तोलली जायची. निजामाच्या अमलातले ते दिवस. मोठ्या ताजव्याच्या एका पारड्यात ज्वारीचं पोतं, दुसऱ्यात अंगानं भरलेली एखादी बाई नाही तर पोट सुटलेला सावकार. पहिल्या सोमवारी ज्वारी कमीजास्त करून दोन्ही पारडी बरोबर केली जात आणि पोत्याचं तोंड शिवलं जाई. पुढच्या सोमवारी तेच पोतं, तेच माणूस, आणि माणसाचं पारडं वर! मग टाळ्या, जयजयकार आणि तुलास्वामींच्या पायावर लोटांगणं.

"अन्न हेच पाप," स्वामी सांगायचे. "पाप उतरलं की वजन उतरतं. लिंबाचं पाणी अन् चिमूटभर विभूती. तिसरं काही तोंडात गेलं, तर ही तुला, हा देवाचा ताजवा, कोपेल."

स्वामींचं स्वतःचं पोट मांडीवर टेकलेलं असायचं. ते पुण्यानं फुगलंय, असं त्यांनी सांगितलं होतं आणि लोकांनी मानलंही होतं. लोकांचं काय, कुणी भगवी छाटी घातली की यांची अक्कल सुट्टीवर जाते.

ताजवा होता नीलम्माचा. नवरा गेल्यावर धान्याची आडत तीच चालवायची. गेल्या उन्हाळ्यापर्यंत तिनंही हा ताजवा भक्तीनं दिला होता. मग तिची धाकटी बहीण शांतम्मा स्वामींचा उपास धरून बसली. चेहरा उतरला, पाय सुजले, आणि एका सकाळी ती उठलीच नाही. त्याचंही नीलम्मानं नशीब म्हणून रडून घेतलं असतं. पण तिसऱ्या दिवशी स्वामी भर मोंढ्यात म्हणाले, की बाईनं चोरून खाल्लं, म्हणून तुला कोपली. मेलेल्या बहिणीला या माणसानं चोर ठरवलं, आणि तिचा नवरा वीरप्पा मान खाली घालून हो म्हणाला. त्या दिवसापासून नीलम्माच्या पोटात आग होती. ताजवा तिनं तरीही देणं चालू ठेवलं. ताजवा दिला की जवळ उभं राहून बघता येतं.

आता वीरप्पानं लेकीला, चन्नम्माला, त्याच उपासाला बसवायचं ठरवलं. जवळच्या वाशी गावच्या स्थळानं मुलगी जाड आहे असं म्हटलं होतं. नीलम्मानं त्याला समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं. आईनं केलं ते पाप लेक फेडंल, एवढंच तो म्हणत राहिला.

"बरं," नीलम्मा शेवटी म्हणाली. "पर उपास माझ्या घरी करू द्या तिला. माझी नजर राहील."

सोमवारी चन्नम्मा तोलली गेली. ती उतरताच नीलम्मानं आपलं दगडी उखळ तिच्या जागी ठेवलं, वर आणखी दगड रचले आणि पोत्याशी काटा बरोबर केला. ताजवा पारखायची मोंढ्यातली रीतच होती, कुणाला नवल वाटलं नाही. स्वामी हसून म्हणाले, "पारख, पारख. देवाचा न्याय हाय." उखळ आणि ते दगड नीलम्मानं सगळ्यांदेखत आडतीच्या ओट्यावर मांडून ठेवले.

पोतं स्वामींच्या मुक्कामी गेलं. तिथं रोज तांब्यातांब्यानं त्याच्यावर जलाभिषेक व्हायचा. पोत्याच्या शिवणीतून कोंब डोकावले, की पुण्याला पालवी फुटली म्हणून लोक हळद वाहायचे.

घरी चन्नम्मा ताटाला हात लावायला घाबरत होती.

"मावशी, मी खाल्लं तर मी बी मरंन."

"तुझी आई न खाऊन मेली, बाळ," नीलम्मा म्हणाली आणि तिनं पहिला घास स्वतःच्या हातानं भरवला. सकाळी भाकरी, पालेभाजी, वरण, ताक. दिवेलागणीला तेच, थोडं कमी. मधल्या वेळी शेवेचा डबा बंद. आणि रोज मळ्यापर्यंत पायी जाऊन येणं. आठवडाभर पोरगी पोटभर जेवली आणि गाढ झोपली.

पुढच्या सोमवारी चन्नम्माचं पारडं सर्रकन वर गेलं. जयजयकार झाला. वीरप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पोरगी रोज दोन्ही वेळा भाकरी खात व्हती," नीलम्मा मोठ्यानं म्हणाली. "म्या स्वतः वाढली."

स्वामी गडबडले, पण अशी माणसं पडली तरी नाक वर. ते म्हणाले, की देवानं लेकराला माफ केलं.

"मग यांना बी माफ केलं असंल," म्हणत नीलम्मानं ओट्यावरचं उखळ आणि ते सगळे दगड पारड्यात रचले. पोतं खालीच राहिलं. दगड वर गेले.

"दगडानं कुठला उपास केला, स्वामी?"

नीलम्मानं विळ्यानं पोतं फाडलं. फुगलेली, आंबूस वासाची, मोड आलेली ज्वारी बदाबदा खाली पडली. पोत्याला पाणी मारून वजन वाढवायचं, ही लबाडी त्या बाजारात शेंबड्या पोराला ठाऊक. हमालानं पोत्याजवळ चूळ भरली तरी तिथं भांडणं व्हायची. तेच पाणी तांब्यानं घातलं आणि वर मंत्र म्हटला, तर याच व्यापाऱ्यांनी हात जोडले होते. माणूस हलका होवो न होवो, पोतं जड होत होतं.

लोक मारायला धावले. नीलम्मा आडवी आली. पोलीस येईपर्यंत याला माझ्या वखारीत ठेवा, म्हणाली, आणि याचाच प्रसाद द्या याला.

पोलीस दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तोवर स्वामींना लिंबाचं पाणी आणि विभूती मिळत होती. सकाळीच ते दार बडवायला लागले. नीलम्मा दारासमोर बसून शांतपणे भाकरी खात होती. तिला त्यांची दया आली नाही, आणि यावी असं वाटलंही नाही.

"अक्का, एक तुकडा द्या. जीव चाललाय माझा."

"एका दिवसात?" नीलम्मा म्हणाली. "माझी बहीण महिनाभर गप ऱ्हायली. तुझ्या भ्यानं तिनं तुकडा बी मागितला न्हाय. आन तू तिला चोर म्हणलास."

वीरप्पा तिथंच उभा होता. तो मटकन खाली बसला आणि बायकोचं नाव घेऊन रडायला लागला. शांतम्मानं काही चोरून खाल्लं नव्हतं, हे त्यानं मग मोंढ्यात सगळ्यांसमोर सांगितलं. ते ऐकल्यावरच नीलम्मानं उरलेली चतकोर भाकरी दाराच्या फटीतून आत सरकवली.

चन्नम्माचं अंग वर्षभरात हळूहळू उतरलं, जेवून-खाऊन आणि चालून. वाशीचं स्थळ परत आलं, तेव्हा तिनंच नको म्हटलं. बाबांनो, अंग जड वाटलं तर आपलं ताट बघा, दोन पावलं जास्त चाला. उपाशी ठेवून कुणी चमत्कार दाखवायला लागला, तर हात जोडण्याआधी दुसऱ्या पारड्यात काय ठेवलंय, तेवढं उघडून बघा.