पाच माणसांची गाडी

"पाय हलवू नका," तो म्हणाला, कारण टेबलावरचा पेशंट बोलण्याच्या भरात उठून बसायला लागला होता.

शिडीवरून पडून घोटा मोडून घेतलेला हा रंगारी पाच मिनिटांपूर्वी कण्हत होता. मग सिस्टर बोलता बोलता म्हणाली की आमच्या प्लास्टरवाल्यांकडे जुळं येणार आहे आणि यांची गाडी ही एवढीशी. झालं. रंगाऱ्याचं कण्हणं थांबलं. त्याने ती गाडी ताबडतोब विकायला सांगितलं. आपल्या साडूने कशी वेळेत विकली नाही आणि मग कसा पस्तावला, तेही सांगितलं. प्लास्टरवाला ओल्या पट्ट्या गुंडाळत राहिला. एकवीस वर्षं तो या खोलीत मोडलेली हाडं बांधत होता, आणि इतक्या वर्षांत कुणाला त्याच्या घरची पंचाईत पडली नव्हती. गेल्या महिन्यात सोनोग्राफीत एकाऐवजी दोन ठोके दिसले आणि सगळ्या हॉस्पिटलला त्याच्या गाडीची काळजी लागली. लिफ्टवाल्याचं मत मोठी घ्या असं होतं. फार्मसीतल्या बाईंचं मत छोटीच ठेवा, पार्किंग मिळत नाही, असं होतं. हाडांच्या मोठ्या डॉक्टरांनी तर ऑपरेशन मध्येच थांबवून विचारलं होतं, "डिकी केवढी आहे हो तुमची?"

घरी गेल्यावरही सुटका नव्हती. बायको शाळेत चित्रकला शिकवायची. तिने गाडीचा आतला भाग आलेखाच्या कागदावर काढून भिंतीला लावला होता. दोन तान्ह्या बाळांच्या दोन सीट मागे बसवल्या की मध्ये उरत होती एक वीत आणि चार बोटं. त्या जागेत सात वर्षांची लेक बसवायची होती. लेकीने तिथे स्वतःचं चित्र काढलं होतं, काडीसारखं, आणि खाली लिहिलं होतं, "मी, उपाशी."

"अहो, हसू नका," बायको म्हणाली. "आणि मी कुठे बसू ते सांगा."

ते कागदावर कुठेच नव्हतं. चालवणार तो. पुढच्या दुसऱ्या सीटवर अण्णा, म्हणजे त्याचे वडील. अण्णांची जागा बदलता येण्यासारखी नव्हती. बत्तीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झाले, आणि वर्षभरात जिन्यात पडून उजव्या गुडघ्याचा चुरा करून घेतला. तेव्हापासून तो पाय काठीसारखा सरळ. वाकायचं नावच नाही. म्हणून पुढची सीट पार मागे सरकवून त्यांना बसवायचं, आणि त्यांच्या मागे मग कुणीच मावायचं नाही, बाळाची सीट तर नाहीच नाही.

बरं, अण्णांनी घरी थांबावं म्हटलं तर शनिवारचं काय? शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वृद्धाश्रमात त्यांची थोरली बहीण होती. तिला आता कुणाची ओळख राहिली नव्हती, स्वतःच्या मुलांचीही नाही. फक्त कॉरिडॉरमध्ये अण्णांच्या सरळ पायाचा ठक् ठक् आवाज आला की ती दाराकडे तोंड करून म्हणायची, "आला." चार वर्षांत त्याने त्यांना तिथे न्यायचा एकही शनिवार चुकवला नव्हता. जाताना नि येताना अण्णा त्याला गाडी शिकवत. आरशात बघ, त्या रिक्षावाल्याचा भरवसा धरू नकोस, सिग्नल पिवळा झाला की पाय तयार ठेव. तोही चार वर्षं दात आवळून ऐकत होता.

अखेर मेहुण्याने तोडगा काढला. त्याची स्वतःची सात सीटची गाडी तो बदलणार होता. म्हणाला, तुम्हीच घ्या, घरातली गाडी घरात राहील. एका रविवारी दुपारी ती घेऊन तो दारात उभा राहिला. गाडी खोलीएवढी होती. लेक तीनही रांगांमधून धावली. दोन शेजाऱ्यांच्या घरून आणलेल्या बाळांच्या सीट मागे बसवून त्यांत उशा ठेवल्या, तरी बायकोला पाय पसरून बसता आलं. ती बसली, पोटावर हात ठेवून डोळे मिटले, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी गेली. त्याने ते पाहिलं. वाटलं, सुटलो एकदाचा.

"चला काका, आता तुम्ही," मेहुणा म्हणाला.

गाडी उंच होती. अण्णांनी आधी चांगला पाय आत टाकून पाहिला, तर सरळ पाय बाहेर राहिला. मग पाठमोरे होऊन सीटवर टेकले, तर पाय आत वळेना. दाराच्या चौकटीला अडकून बसला. सीट मागे सरकवली, पण ती जेमतेम चार बोटं सरकली. छोट्या गाडीत जी जागा होती ती या एवढ्या धुडात नव्हती. मधल्या रांगेचं दार तर त्याहून अरुंद. मेहुण्याने काखेत हात घातला, त्याने पाय धरला, आणि दोघांनी मिळून वडिलांना कपाट जिन्यातून चढवावं तसं वाकडंतिकडं करून पाहिलं. वरच्या गॅलरीतून कुणीतरी डावीकडून घ्या म्हणून सांगत होतं.

"काका, पाय जरासा आत घेता का?" मेहुणा घामाघूम होऊन म्हणाला.

"हा पाय आत येत असता," अण्णा म्हणाले, "तर मी इथे बसलो नसतो बाबा. तिकडे स्टिअरिंगवर बसलो असतो."

ते हसत म्हणाले, पण त्यांच्या शर्टाचं वरचं बटण तुटून पडलं होतं आणि मानेची शीर उडत होती. त्यांना खाली उतरवलं. मेहुणा गाडी घेऊन गेला आणि जाताना म्हणाला की आठवडाभर विचार करा, भावोजी, मला घाई नाही.

विचार करून करून त्याचं डोकं पिकलं. छोटी ठेवावी तर पोरं मावत नाहीत, मोठी घ्यावी तर बाप चढत नाही. दोन्ही ठेवायच्या तर दारात एकीलाच जागा. मधल्या आकाराच्याही दोन गाड्या पाहून झाल्या. एकीत अण्णा बसले पण मागे एकच बाळ मावलं. लेक म्हणाली, दुसरं परत देऊया. कधी नव्हे तो तिच्यावर खेकसला, मग बायको त्याच्यावर खेकसली.

शनिवारी तो अण्णांना न्यायला घरी आला, तर अण्णा नव्हते. शोधत गेला तो बसस्टॉपवर बाकाच्या कडेला बसलेले सापडले, पाय रस्त्याकडे पसरून. त्याने गाडी कडेला लावली. आधी भीती वाटली होती, त्यांना पाहताच तिचा राग झाला.

"हे काय चाललंय तुमचं, अण्णा?"

"आज चौथी बस सोडली," अण्णा शांतपणे म्हणाले. "नुसता बघतोय. नव्या बसला पायरी खाली आहे. दार रुंद, दोन्हीकडे दांडे. जमेल मला."

"तुम्हाला बसने जायला लावायला मी काय मेलोय का?"

"ओरडू नकोस, लोक बघतायत." त्यांनी त्याला बाकावर बसायची खूण केली. तो बसला नाही. "तू दीड महिना सहा माणसांची गाडी शोधतोयस. पाच माणसांची शोध. ती तुझ्या मेहुण्याकडे आहे."

त्याला काहीतरी सणसणीत बोलायचं होतं. पण तो बोलला ते भलतंच. "तुमच्या पायाला प्लास्टर मीच घातलं होतं."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. ही गोष्ट दोघांमध्ये कधी निघाली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं तसंच त्याने घातलं होतं, हाडाचाच चुरा झाला होता, त्यात त्याची चूक नव्हती. सगळ्यांनी हे त्याला सांगितलं होतं. अण्णांनी मात्र कधी काही म्हटलं नव्हतं, आणि तेच त्याला चार वर्षं खुपत होतं.

"म्हणून चार वर्षं मला गाडीतून फिरवतोस होय?" अण्णा म्हणाले. "मला वाटलं, माझी शिकवणी आवडते तुला."

तो बाकावर बसला. मग अण्णाच म्हणाले, चल, आज सोड मला, तुझी आत्या वाट बघत असेल.

छोटी गाडी एका नव्याने लग्न झालेल्या नर्सने घेतली. हॉस्पिटलच्या पार्किंगमधून ती बाहेर काढताना तिने शेजारच्या गाडीच्या आरशाला आरसा घासला, आणि तो मान फिरवून आत गेला.

जुळी आली, दोन्ही मुली, दोघींचा आवाज दणदणीत. त्या सहा आठवड्यांच्या झाल्या तेव्हा एका शनिवारी लस टोचायला न्यायचं होतं. हॉस्पिटल आणि वृद्धाश्रम एकाच रस्त्याला. मोठी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा अण्णा स्टॉपवर उभे होते आणि स्टॉपकडे बस येत होती. त्याने ब्रेक दाबला, दार उघडलं, एक पाय खाली टेकवला. अण्णांनी तिकडे न बघताच हाताने थांब म्हणून खूण केली. मग दोन्ही दांडे धरले, चांगला पाय वर ठेवला, अंगाला एक हिसका दिला आणि सरळ पाय मागून ओढून घेतला. वेळ लागला. बस थांबून राहिली. पहिल्याच सीटवर ते बसले आणि पाय मधल्या वाटेत पसरला. मागून चढणारी बाई पिशवी वर उचलून तो पाय ओलांडून गेली, मग एक म्हातारा, मग शाळेची दोन मुलं.

बस निघाली. तो मागोमाग निघाला. बस हळू चालली होती, दर थोड्या अंतरावर थांबत होती. मागे एक बाळ रडायला लागलं, त्याचं ऐकून दुसरंही.

"अहो, रस्ता मोकळा आहे," बायको म्हणाली. "काढा ना पुढे."

"हो," तो म्हणाला, आणि बसच्या मागेच राहिला.