न गाता सांगितलेलं प्रवचन

आमच्या मंडळीत प्रवचन सांगत नाहीत, गातात. पाळकसाहेबांनी ओळ टाकायची, मंडळीनं ती झेलून दुप्पट आवाजात परत करायची, मगच गोष्ट पुढे सरकते. सगळ्यांच्या आधी ओळ उचलते ती माझी आई. तिची फुप्फुसं अर्धीच चालतात. जिना चढताना दोनदा बसते. पण पहिल्या बाकावर तिला ओळ मिळाली की तो आवाज कुठून येतो, देवच जाणे. म्हणून साथ आली, चर्चच्या दाराला कुलूप लागलं, तेव्हा सगळे हळहळले आणि मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

आता ते कुलूप काढायचं की नाही, हे आम्हा तिघांवर सोपवलं होतं: सुतारमामा, नर्सबाई आणि शिवणकाम करणारी मी. पाळकसाहेबांनी आधीच हात वर केले. म्हणाले, "मी गाणारा माणूस. मला विचारणं म्हणजे भुकेल्याला विचारणं, जेवतोस का."

बाक भिंतीला सरकवून, खिडक्या सताड उघडून आम्ही तिघं आणि पाळकसाहेब चर्चमध्ये बसलो. मामांनी सुरुवातच केली, "उघडा. माझ्या बायकोच्या मातीला आम्ही चौघं होतो, त्यातले दोघं खड्डा खणणारे. एक ओळ कुणी म्हटली नाही. मुकीच घातली तिला खाली. आता घरात रंध्याशी बोलतो मी."

"मामा, वॉर्डात अजून एकही खाट रिकामी नाही," नर्सबाई म्हणाल्या. "मी रोज बघते."

"तू मरणारे बघतेस, बाई. उरलेल्यांकडे कोण बघतंय?"

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. 'उघडा' म्हणावं तर आई पहिल्याच रविवारी पहिल्या बाकावर हजर. खुर्चीला बांधून ठेवली तर खुर्चीसकट येईल. 'नको' म्हणावं तर मामांना तोंड कसं दाखवू? मी आपली मधली वाट काढली. "उघडू, पण गाणं नको. मास्क लावून बसायचं, आणि साहेबांनी प्रवचन नुसतं बोलायचं."

नर्सबाईंनी बराच विचार केला. "गाण्यानंच रोग जास्त पसरतो. गाणं नसेल, तर... करून बघू. आत्ताच, आपण चौघंच."

चार कोपरे धरले. मी शिवलेले जाड मास्क नाकावर घट्ट. पाळकसाहेबांनी नावेची गोष्ट घेतली: भर तळ्यात वादळ, शिष्यांची गाळण उडालेली आणि प्रभू नावेत झोपलेला.

"वारा... सुटला. लाटा... उसळू लागल्या."

"साहेब, हवामानाची बातमी देताय का?" मामा कोपऱ्यातून म्हणाले. खूप दिवसांनी आम्ही चौघं एकत्र हसलो. त्या हसण्यानंच घात केला असावा. साहेबांनी डोळे मिटले, पुढचं वाक्य बोलायला घेतलं आणि ते त्यांच्याही नकळत सुरात गेलं.

"पाणी आलं, पाणी आलं, नाव भरत आली..."

इथे मंडळीनं उचलायचं असतं. मी मास्कच्या आत ओठ दाताखाली धरले. आणि समोरच्या कोपऱ्यातून खणखणीत आवाज आला, "ऊठ रे स्वामी, ऊठ आता, आम्ही भ्यालो!"

नर्सबाई! मास्क हनुवटीखाली. मग मामा. मग मी. कोपरे कधी सुटले, कुणालाच कळलं नाही. वादळ शमलं तेव्हा आम्ही साहेबांभोवती घोळका करून उभे होतो, मामा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते आणि त्यांचा ऊन ऊन श्वास माझ्या गालावर येत होता.

नर्सबाईंनी मास्क वर ओढला. "मीच," एवढंच त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मामा खोकले. "भुसा गं," ते घाईनं म्हणाले, "सकाळी फळ्या कापत होतो." आणि पुन्हा खोकले.

मी घरी मागच्या दारानं शिवणाच्या खोलीत शिरले आणि आतून कडी घातली. काय झालं ते आईला दाराआडून सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं.

"कुठली गोष्ट होती?"

"नावेची."

"आणि मी नव्हते," ती म्हणाली.

दोन दिवसांत नर्सबाईंचा फोन आला. मामा त्यांच्याच वॉर्डात होते. "भुसा नव्हता," त्या म्हणाल्या. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. शिवणयंत्राला नाक लावून मी घटकेघटकेला तेलाचा वास घेई. वास आला की तेवढ्यापुरता जीव भांड्यात. आईनं ताट दाराशी ठेवून निघून जायचं, मग मी कडी काढायची, असं ठरलं होतं. एका सकाळी कडी काढली तर ती तिथेच उभी, तोंडावर काही नाही. "बघू तरी दे, वाळलीस का ते." मी तिच्या तोंडावर दार आपटलं. संध्याकाळी ती पलीकडे खोकली.

आणि त्याच संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन. मंडळी निकाल विचारत होती. नर्सबाई वॉर्डातून फोनवर होत्या, त्यांच्याच फोनवर मामाही होते, खाटेवरून. नर्सबाई 'नको' म्हणाल्या. मामा दोन शब्दांमागे थांबत म्हणाले, "माझं तेच. उघडा. पण पोरी, मला घाबरून... देऊ नकोस. तुझं मत... तुझं दे."

मी म्हणाले, "आत्ता नाही, मामा. आणि न गाता तर कधीच नाही. ते आपल्याला जमत नाही, चौघांनाही जमलं नाही. मोकळ्या गळ्यानं गाता येईल त्या दिवशी दार उघडू."

मामा म्हणाले, "तोवर मला... टिकायला हवं म्हणजे." आणि फोन नर्सबाईंनी घेतला.

आईनं दाराआडून सगळं ऐकलं होतं. "कोंडलंस मला," ती म्हणाली.

"हो."

ती दाराला टेकून खाली बसल्याचं कळलं. मग अगदी हळू, "पाणी आलं, पाणी आलं..."

"आई, दम लागेल तुला!"

"तू उचलू नकोस. तोंड बंद ठेव." मंडळीची ओळही तिनंच म्हटली. मी दाराला कान लावला. तिच्या दोन ओळींमधली जागा दर वेळी मोठी होत होती. मग एकदा पुढची ओळ आलीच नाही.

"आई?"

काही नाही.

"आई!" माझा हात कडीवर गेला.

"अगं, श्वास तरी घेऊ देशील का? मेले नाही अजून."

मी कडीवरचा हात काढला नाही, आणि कडीही काढली नाही. पलीकडे ती खोकली, घसा खाकरला आणि पुढची ओळ उचलली.