फरशीवरचा गंज

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. खिडकीची नव्हे, आणि कोळ्याची तर नव्हेच! कपडे धुण्याच्या एका कारखान्यात चादरींना इस्त्री करणारं मोठं यंत्र आहे. त्याच्या तापलेल्या रुळांसमोर मी असते. चादर आत जावी, बोटं मात्र बाहेरच राहावीत, म्हणून एका लोहाराने मला घडवलं.

या यंत्रावर काकू काम करत. सगळेच त्यांना काकू म्हणत. चादरीचं टोक पकडून त्या अशी झटकत, की सुरकुती शोधून सापडू नये. माझ्यावर थाप मारून म्हणत, "तू आहेस म्हणून गप्पा मारत काम होतं गं बाई!" मी मनातून फुलून जाई.

पण जाड चादरी माझ्यापाशी अडकत. कामाची घाई झाली तेव्हा शेठ मुकादमाला म्हणाले, "काढ रे ती जाळी. उगाच नडते." मला दाराआड, ओल्या फरशीवर उभं केलं गेलं. कितीतरी दिवस कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आणि एका सकाळी मी काकूंची किंकाळी ऐकली. चादरीबरोबर त्यांचा उजवा हात आत ओढला गेला होता.

त्यांना दवाखान्यात नेलं, आणि त्याच दुपारी मुकादमाने मला गुपचूप पुन्हा यंत्रावर चढवलं. मला तोंड असतं, तर मी सगळा कारखाना डोक्यावर घेतला असता!

काही दिवसांनी हाताला पट्टी बांधलेल्या काकू मुलीला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "जाळी काढली, म्हणूनच माझा हात आत ओढला गेला." शेठ गोड आवाजात म्हणाले, "काकू, जाळी तेव्हाही होतीच. तुम्हीच खालून हात घातलात. तापाच्या गुंगीत माणसाला काहीबाही स्वप्नं पडतात."

बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. मुलगीही हळूच म्हणाली, "आई, तू झोपेत ओरडतेस. कधी म्हणतेस जाळीला पंख फुटले, कधी म्हणतेस ती नदीत वाहून गेली. मग खरं काय समजायचं?"

काकू गोंधळल्या. "मलाही कळेनासं झालंय गं. स्वप्नातही हात असाच भाजतो. चिमटा काढून बघावा, तर तोही स्वप्नात लागतो." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग एकदम ताठ झाल्या. "पण स्वप्नात जाळी दर वेळी नव्या ठिकाणी असते. जागेपणी आठवते ती एकाच ठिकाणी. दाराआड. चल, बघूच."

त्यांनी दार ओढलं. फरशीवर आणि भिंतीवर माझ्या चौकटीची तांबूस रेघ उमटली होती. काकूंनी खाली बसून डाव्या हाताची बोटं तिच्यावर घासली आणि ती शेठसमोर धरली.

"शेठ, स्वप्नाने फरशीला गंज लागतो का?"

"कसला तरी जुना डाग आहे तो."

"असेल. मग या सगळ्या जणींनाही माझंच स्वप्न पडलं होतं का, विचारू?"

मग घड्या घालणाऱ्या वहिनींनी हातातली चादर खाली ठेवली. "जाळी दाराआडच होती. फरशी पुसताना मी तिला वळसा घालायचे." "मीही पाहिली होती," दुसरी म्हणाली. एकेक चादर खाली आली. कुणीतरी बटण दाबलं आणि रूळ थांबले. शेठ चिडले, ओरडले, पण एकही बाई जागची हलली नाही. अखेर सगळ्यांदेखत त्यांना म्हणावं लागलं, "मीच काढायला लावली होती."

काकूंची दोन बोटं कायमची आखडली. आता त्या घड्यांच्या टेबलापाशी बसतात, आणि मला पक्के बोल्ट बसवले आहेत.

मित्रांनो, "तुला स्वप्न पडलं असेल," असं कुणी म्हटलं, तर लाजून गप्प बसू नका. कदाचित पडलंही असेल. पण ते दुसऱ्याला ठरवू देऊ नका. उठा, तिथे जा, हात लावून पाहा, बरोबरच्यांना विचारा. आणि यंत्रावरची जाळी कुणी काढू लागलं, तर त्याचा हात धरा. मी आडवी येते, अशी तक्रार तो करील. करू दे. मी आडवी येणारच!